पन्नास किलो वांग्यांचा उस्ताद

माझ्या नवऱ्याला फ्रिजमधलं दही दिसत नाही. डोळ्यांत काही दोष नाही. कपाशीवर अळी पडली असली तर हा माणूस मोटरसायकलवरून जाता जाता ओळखतो. पण फ्रिजचं दार उघडलं की त्याला आंधळेपण येतं. एक हात कमरेवर ठेवून, थंडगार हवा सगळ्या घराला वाटत तो उभा राहतो आणि हाक मारतो, "प्राजक्ता, दही कुठी हाय वो?" दही त्याच्या नाकासमोरच असतं, स्टीलच्या त्याच डब्यात, त्याच कप्प्यात, आमचं लग्न झालं तेव्हापासून. मी हातातलं काम टाकून जाते, डबा काढून त्याच्या हातात देते आणि तो म्हणतो, "असं होय!"

हे 'असं होय' ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बरं, हे एवढंच असतं तर मी बोललेही नसते. ओला टॉवेल पलंगावर पडतो, ठीक आहे, सगळ्याच घरांत पडतो. पण मी बँकेत काउंटरवर असते, समोर पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची रांग लागलेली असते आणि फोन वाजतो. "चहापत्ती कुठी ठेवली?" मी सांगते. दोन मिनिटांनी पुन्हा वाजतो. "जाऊ दे, तू आल्यावरच घेतो." स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलं तर त्याला तो 'मदत' म्हणतो. कोणाची मदत? ताट त्याचं, त्यातलं उष्टं त्याचं, आणि मदत मला! आणि मी हौसेनं काही केलं आणि विचारलं, "कशी झाली भाजी?" तर मान वर न करता उत्तर येतं, "हाय, जेवण्यासारखी." अठरा वर्षांत याच्यापलीकडे एक शब्द गेला नाही.

"मले सैपाकातलं काही समजत नाही बाप्पा," असं तो चारचौघांत सांगतो, आणि एखादी पदवी मिळाल्यासारखं सांगतो.

आता पुढचं ऐका. हाच श्याम आमच्या भागातला भाजीचा नावाजलेला उस्ताद आहे.

थंडी पडली की वऱ्हाडात रोडग्यांचे भंडारे सुरू होतात. कोणाचा नवस असतो, कोणाच्या शेतातल्या मारोतीचा वार्षिक कार्यक्रम असतो. गोवऱ्यांची आर, म्हणजे निखाऱ्यांचा ढीग, पेटवायची, कणकेचे पदर लावलेले गोळे, तेच रोडगे, तिच्यात भाजायचे, फडक्यानं राख पुसून तुपात बुडवायचे. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. हा सगळा स्वयंपाक पुरुषांचा. बायकांनी चुलीजवळ यायचं नाही असा काही नियम नाही, पण पुरुष कमरेला दुपट्टे बांधून, हातात फावड्याएवढे झारे घेऊन असे काही उभे राहतात की बाई आपणच लांब होते. आणि या भंडाऱ्यांत भाजीला श्याम हवा. भातकुलीपासून चांदूर रेल्वेपर्यंत लोक महिनाभर आधी त्याची तारीख धरून ठेवतात. पन्नास किलो वांग्यांना तिखट किती, मीठ किती, तेल कधी सुटलं, हे तो कढईच्या नुसत्या आवाजावरून सांगतो.

मी एकदा त्याला म्हटलंही होतं, "पाचशे माणसांची भाजी येते, चार माणसांची येत नाही?"

"ते वेगळं हाय," तो म्हणाला. "ते चुलीवरचं, मोठ्या कढईचं काम. गॅसवरचं बारीक काम मले जमत नाही. अंदाजच चुकते."

आणि मी हे मानलं होतं. मला पटलंच होतं, की हत्तीला सुई उचलता येत नसणार. बारीक कामाला बारीक हात लागतो, तो बाईचा असतो, असं माझ्याही डोक्यात कोणीतरी कधीतरी घालून ठेवलेलं असणार. म्हणून मी कणीक मळत राहिले.

गेल्या जानेवारीत बँकेनं मला अकोल्याच्या शाखेची मॅनेजरकी देऊ केली. आमची बँक लहान आहे, पण मॅनेजर म्हणजे मॅनेजर. याआधी एकदा यवतमाळची आली होती, तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं आणि प्रतीक्षा, म्हणजे आमची मुलगी, लहान होती. मी नाही म्हटलं. माझ्या जागी जो गेला तो माझ्याच हाताखाली व्हाउचर लावायला शिकलेला पोरगा होता, आज मी त्याला फोनवर 'सर' म्हणते. या वेळी मोठ्या साहेबांनी सरळ सांगितलं, "मॅडम, सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवा. या वेळी नाही म्हणालात तर मग तुमचं नाव पुढे पाठवत बसणार नाही."

घरी येऊन सांगितलं तेव्हा श्यामला आनंद झाला, हे मी नाकारणार नाही. त्यानं पेढे आणले. बडनेरा रोडवरच्या आमच्या सगळ्या कॉलनीत स्वतः फिरून वाटले. "माही बायको म्यानेजर झाली!" असं दारादारात सांगत होता. मला वाटलं, चला, या वेळी गाडी रुळावर आहे.

रुळावरून ती रात्रीच्या जेवणाला घसरली.

"पण सकाळच्या गाडीनं जाशीन, संध्याकाळी साडेसात-आठले येशीन," श्याम म्हणाला. "मंग घरचं कसं?"

"घरचं म्हणजे काय?"

"म्हणजे... सैपाकाचं."

सासूबाईंना, कौशल्याबाईंना, उत्तर तयार होतं. "त्यात काय एवढं? प्रतीक्षा हाय न. सकाळी उठून चार पोया टाकंल, संध्याकाळी खिचडी लावंल. पोरीच्या जातीले आज ना उद्या करायचंच हाय."

"आई, तिची दहावी आहे. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे."

"दहावीवाल्याईले का पोट नसते?"

"बरोबर हाय आईचं," श्याम म्हणाला. "सवय लागंल तिले. तसंही दोन घंटे मोबाइलच पाहते."

प्रतीक्षा समोरच बसली होती. तिनं घास हातातच धरून ठेवला होता. तिनं आजीकडे पाहिलं नाही, बापाकडेही नाही, माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलते ते तिला ऐकायचं होतं. पंधरा वर्षांच्या पोरीची ती नजर मला सोसवेना. गणितात ती माझ्या चार पावलं पुढे आहे, तिला इंजिनिअर व्हायचंय, आणि मी मॅनेजर व्हावं म्हणून तिनं पहाटे उठून पोळ्या लाटायच्या, अशी ही वाटणी चालली होती. माझी साखळी काढून पोरीच्या पायात घालायची आणि त्याला माझी बढती म्हणायचं!

"आणि तुम्ही?" मी श्यामला विचारलं. त्याचं भातकुलीला बी-बियाण्यांचं दुकान आहे. "दुकान दहाला उघडते तुमचं. जानेवारीत तर गिऱ्हाईकही नसते."

"मी?" त्याला खरोखर हसू आलं. सासूबाईही हसल्या. "मले सैपाक येते का? मी भाजी केली त तुमी खासान का?"

मी ताट तसंच ठेवून उठले. मागून सासूबाईंचा आवाज आला, "आता म्यानेजर झाली, राग त येईनच." मी मोरीत उभी राहून नळ सोडून दिला आणि पाण्याच्या आवाजात मनसोक्त बडबडले.

रविवारी सहदेवकाकांच्या शेतात भंडारा होता. सहदेवकाका म्हणजे श्यामचे दूरचे चुलते, भातकुलीकडे त्यांची जमीन आहे, आणि त्यांच्या मारोतीचा भंडारा श्यामच्या भाजीशिवाय होत नाही. मी जाणार नव्हते. पण न जाण्याचा अर्थ बढतीचा माज आला असा काढला गेला असता, म्हणून गेले. प्रतीक्षाला म्हटलं, विज्ञानाचं पुस्तक घे सोबत, निंबाखाली बसून वाच.

सकाळी नऊपासून आम्ही पंधरा-वीस बायका वांगी चिरत होतो. पोतीच्या पोती वांगी. लसूण सोलला, डाळ निवडली, कोथिंबीर साफ केली, पाणी शेंदून ठेवलं. हे सगळं टोपल्यांत भरून चुलीजवळ नेऊन दिलं, तेव्हा कुठे साडेदहाच्या सुमारास 'आचारी' आले. श्यामनं कमरेला दुपट्टा बांधला, हात जोडून मारोतीकडे पाहिलं आणि कढईत तेल सोडलं. पुढचा दीड तास चार माणसं त्याच्या हाताखाली नुसती धावत होती. तो नुसता हात पुढे करी आणि त्याच्या हातात मीठ, हळद, मसाला येई. फ्रिजमधलं दही न दिसणारा माणूस तो हाच, हे कोणाला खरं वाटलं नसतं.

भाजी अप्रतिम झाली. ती नेहमीच होते, तेच तर माझं दुखणं आहे. पुरुषांची पंगत उठली, मग बायकांची बसली. माझ्या शेजारी बसलेली एक बाई मला कोपर मारून म्हणाली, "नशीबवान हाय वो बाई तू. असा नवरा! घरीबी करून खाऊ घालत असंल." मी रोडग्याचा तुकडा मोडून भाजीत बुडवला.

जेवणं झाली आणि भंडाऱ्याचा तो भाग सुरू झाला ज्याचे फोटो कोणी काढत नाही. कढया आणि गंज, म्हणजे मोठाली पातेली, घासायचे. बुडाला काळी पुटं चढलेली, आत तेलाचा थर, एकेक गंज असा की आत लहान मूल बसावं. विहिरीजवळ आम्ही बायका पदर खोचून, राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं ते घासत बसलो. भाजी पुरुषांची, गंज बायकांचे. यावर आजवर कोणी 'काहून?' असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

तेवढ्यात सासूबाईंनी निंबाकडे पाहून हाक दिली. "प्रतीक्षा! ते पुस्तक ठेव अन् ये इकडे. मायले हात लाव. एवढी मोठी पोट्टी बसून राह्यली, लोक काय म्हनतीन?"

"ती येणार नाही," मी म्हटलं.

"काहून? तिचे हात झिजतीन?"

प्रतीक्षा पुस्तक मिटून उठली होती. मी तिला हातानंच खाली बस म्हणून खूण केली. ती अर्धवट उभी, अर्धवट बसलेली, तशीच राहिली. बाकीच्या बायका खाली मान घालून जोरजोरात घासू लागल्या.

त्याच वेळी एक जाडसर, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस विहिरीकडे आला आणि त्यानं मला नमस्कार केला. "वहिनी, वळखलं नसंल. मी बंडू. अकोल्याले श्याम अन् मी एका खोलीत होतो, कॉलेजच्या वक्ताले. तुमच्या लग्नात येनं झालं नाही, मी रायपूरले नोकरीवर गेलतो. आता बदली होऊन पुन्हा अकोल्यातच आलो."

बंडूभाऊंचं नाव मी ऐकून होते. मी काळे हात मागे घेऊन नमस्कार म्हटलं.

"तुमची मजा हाय बुवा, वहिनी," ते म्हणाले. "आमी त चार वर्षं याच्या हातचं खाल्लं. सकाळी उठून चहा कोन करंल? श्याम. भाकरी? श्याम. अहो, स्टोव्हवर अशा पातळ भाकरी करे का पापुद्रा सुटला पायजे! वांग्याची भाजी त अशी, बस. चार जनाची खोली, आमी तिघं भांडे घासो, हा सैपाक करे. घरमालकीन आपल्या सुनेले सांगे, त्या पोराले पाहून शिक म्हने."

मी नारळाची शेंडी खाली टाकून उभी राहिले.

"चहा?" मी विचारलं. "चहा करत होते?"

"आल्याचा! आता करत नाही का?" बंडूभाऊंना काही समजलं नव्हतं, बिचारे भोळेपणानं बोलत होते. मग त्यांना सासूबाई दिसल्या आणि ते आणखी खुलले. "काकू, आठवते का? श्यामचं लग्न जमलं तवा तुमी खोलीवर आल्ता. तुमी त्याले म्हनलं होतं, 'आता पुढे कोनाले सांगजो नको सैपाक येते म्हनून. झाकली मूठ बरी. नाही त बायको डोक्यावर बसंल.' आमी किती हासलो होतो!"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदरानं तोंड पुसत होत्या, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

अठरा वर्षं! वेड पांघरून पेडगावला जाणारा माणूस मी ऐकला होता, इथं तर पेडगावातच घर बांधून राहिलेला निघाला. मला बाळंतपणात ताप होता आणि सासूबाई गावी होत्या, तेव्हा आठवडाभर शेजारणीच्या घरचा डबा आला होता आणि हा दारात उभा राहून म्हणाला होता, "मले आलं असतं त केलं नसतं का?" मला तेव्हा त्याची दया आली होती. दया! मी तापात उठून त्याच्यासाठी पोहे केले होते.

त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं, पण राग इतका होता की रडण्याला जागा उरली नव्हती.

मांडवात सत्कार चालला होता. सहदेवकाकांनी श्यामच्या डोक्यावर टोपी ठेवली, गळ्यात दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. "श्यामच्या हातात साक्षात अन्नपूर्णा हाय," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अन्नपूर्णेचाच सत्कार होता तर ती तिकडे विहिरीवर गंज घासत होती, पण ते असो. मी तशीच, कोपरापर्यंत काळ्या हातांनी, मांडवात गेले. माझ्या मागे प्रतीक्षा आली, आणि तिच्या मागे दोन-चार बायकाही.

"काका," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं, "मले उस्तादाले एक विचारायचं हाय."

सहदेवकाका खूश झाले. "विचार न, सूनबाई!"

"आज पन्नास किलो वांग्याले मीठ किती टाकलं?"

श्याम नारळ सावरत हसला. असल्या प्रश्नांची त्याला सवय आहे. "सव्वा किलोच्या आत-बाहेर. वांगं कसं हाय त्याच्यावर असते. पानी सोडनारं असलं त थोडं कमी."

"अन् चाळीस लोकाची भाजी असली त?"

"दीड-दोन मुठी."

"अन् चार लोकाची? अर्धा किलो वांगे, गॅसवर?"

"चमचाभर," श्याम म्हणाला. "सपाट. अन् शेवटी..."

तो तिथंच थांबला. आधी त्याला कळलं, मग मांडवाला. मागे कोणी तरी फिसकन हसलं.

"अंदाज त चुकत नाही तुमचा," मी म्हटलं. "मंग अठरा वर्षं कोनाचा चुकला? बंडूभाऊले चार वर्षं आल्याचा चहा भेटला. मले एक कप काहून नाही भेटला? मी तापानं फणफणत होती तवा तुमाले भाकर येत होती. पातळ, पापुद्र्याची! अन् आता मी अकोल्याले जाईन त तुमी पोरीले चुलीशी बसवून राहिले, तिच्या दहावीच्या परीक्षेत. का, त सैपाक बायकाईले येते म्हनून!"

"प्राजक्ता, घरी बोलू," श्याम हळूच म्हणाला.

"घरची गोष्ट घरी बोलावं, सूनबाई," सहदेवकाकाही म्हणाले. "चार मानसात..."

"काका, चार मानसातच त त्याईले येते सैपाक. घरी येत नाही. म्हनून इथं बोलली."

श्यामचा चेहरा टोपीखाली लालबुंद झाला होता. मला त्याची कीव आली नाही. माझी सगळी कीव पूर्वीच खर्च झाली होती. मी फोन काढला, काळ्या बोटांनी स्क्रीन माखली, आणि सगळ्यांसमोर मोठ्या साहेबांना लावला. रविवार होता, तरी त्यांनी उचलला.

"सर, प्राजक्ता बोलते. अकोल्याला माझा होकार."

मग मी विहिरीवर परत गेले, माझा गंज होता तसा उपडा करून ठेवला, हात धुतले आणि प्रतीक्षाला घेऊन घरी निघाले. तो गंज पुढे कोणी घासला, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

घरी आल्यावर श्याम आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. "लोकायसमोर इज्जत काढली," एवढंच आईला सांगत होता. सासूबाई एकदा माझ्याजवळ येऊन बसल्या. "माह्या सासूनंबी माह्या नवऱ्याले असंच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, असंच सांगायचं असते." त्यात माफीही नव्हती आणि भांडणही नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं, पण माझं मन त्यांच्याविषयी निवळलं असं म्हणणार नाही.

माझ्या रुजू होण्याच्या दिवशी मी पहाटे उठले तर स्वयंपाकघरात उजेड होता. श्याम ओट्यापाशी उभा होता. पोळपाट, तवा, तिखटाचा डबा, सगळं त्याला बरोबर सापडलं होतं. एकही हाक न मारता. परातीत भाकरीचं पीठ मळलेलं होतं आणि त्याच्या हाताखाली भाकर गोल गोल फिरत मोठी होत होती. मी दारातून बघितलं आणि बडनेऱ्याची गाडी पकडायला निघाले. निघताना त्यानं डबा माझ्या हातात दिला.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण माझी नव्हे, जगाची.

तिसऱ्या दिवशी कॉलनीला कळलं, आणि श्यामचं जे कौतुक सुरू झालं ते थांबेना. समोरच्या काकू म्हणाल्या, "असा नवरा सात जन्म भेटत नाही." खालच्या मजल्यावरच्या शेखरभाऊंनी त्याला आपल्या बायकोसमोर उभं करून सांगितलं, "पाह्य, हा खरा मर्द!" सासूबाई फोनवर माझ्या नणंदेला सांगत होत्या, "माहा श्याम, बायकोसाठी भाकरी करते, बाप्पा! एवढा कोन करते?" इकडे बँकेत माझ्या डब्याभोवती गर्दी जमायची. "मॅडम, मिस्टरांनी केलं? खरंच? किती सपोर्टिव्ह!" मी अठरा वर्षं रोज जे केलं त्याला कामच म्हणत होते सगळे, आणि त्यानं तीन दिवस केलं तर तो देव झाला. एकानंही मला विचारलं नाही की बाई, तुझ्या हाताला एवढे दिवस कोणी टाळ्या वाजवल्या?

चौथ्या दिवशी मी केबिनचं दार लावून एकटीनं डबा उघडला. वांग्याची भाजी होती. पहिला घास खाल्ला. भाजी उत्तम झाली होती. मीठ बरोबर, चमचाभर, सपाट. तेल जागच्या जागी सुटलेलं, आणि भाकर इतकी मऊ की दुपारीही तुटत नव्हती. वाईट झाली असती तर मी माफ केलं असतं. म्हटलं असतं, शिकतोय बिचारा. पण हा हात शिकत नव्हता, त्याला सगळं येत होतं, आणि बाळंतपणातही, माझी पाठ भरून आली त्या दिवशीही, तो खिशात होता. मी त्या डब्यासमोर बसून रडले. सगळी भाजी खाल्ली, ते वेगळं.

संध्याकाळी घरी पोचले तर श्याम दारातच उभा होता. बोलायला लागला होता एव्हाना. कॉलनीच्या कौतुकानं त्याचा चेहरा उजळला होता. प्रतीक्षा बाहेरच्या खोलीत गणितं सोडवत बसली होती, तिनं पेन थांबवलं आणि मान वर केली. श्यामनं माझ्या हातातली पिशवी घेतली. मांडवात झाराभर भाजी वाढून लोकांच्या तोंडाकडे बघतो ना, तसा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कशी झाली होती भाजी?" त्यानं विचारलं.

मी चपला काढल्या. पिशवीतून रिकामा डबा काढून त्याच्या हातात दिला.

"हाय," मी म्हटलं. "जेवण्यासारखी. डबा घासून ठेवा."